बर्गरने डेव्हिसची मतं खाल्ली का? विस्कॉन्सिन १९१८ ची तिरंगी पोटनिवडणूक

प्रश्न असा आलाय की १९१८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सिनेटच्या एका जागेसाठी तिरंगी पोटनिवडणूक झाली, रिपब्लिकन लेनरूट जेमतेम ३९ टक्क्यांवर निवडून आला, डेमोक्रॅट डेव्हिस ३५ वर अडकला आणि समाजवादी बर्गर २६ टक्के घेऊन गेला, मग बर्गरने मतं खाल्ली म्हणून डेव्हिस पडला असं म्हणायचं का?

माझं उत्तर, नाही. उलट बर्गर उभाच राहिला नसता तर लेनरूटचं लीड वाढलं असतं असं मला वाटतं. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी पंचवीसेक वर्षं निवडणुकांचे आकडेच चघळतोय, आधी महाराष्ट्रात फॉर्म २० चे बूथवार तक्ते घेऊन बसायचो, आता बरीच वर्षं मिलवॉकीत आहे आणि इथल्या जुन्या निकालांवर काम करतो. दोन्हीकडे एक गोष्ट सेम टू सेम. पडलेल्या उमेदवाराच्या ऑफिसात शिरलं की पहिलं वाक्य कानावर पडतं ते "त्याने आमची मतं खाल्ली". यातला 'आमची' हा शब्द धरून ठेवा, सगळी गडबड तिथे आहे. मत आधी तुमच्या ताटात वाढलेलं होतं हे सिद्ध झालं तर ते खाल्लं म्हणायचं ना, ताटातच नव्हतं तर कोण काय खाणार.

आधी नुसती बेरीज-वजाबाकी करू. लेनरूट १,६३,९८३, डेव्हिस १,४८,९२३, बर्गर १,१०,४८७. लीड १५,०६०. आता समजा बर्गर नाहीये आणि त्याचा एकूणएक मतदार तरीही बूथवर आला (येत नाही कधी, पण समजू), तर डेव्हिसला जिंकायला त्यातली किती लागतील? ६२,७७४. म्हणजे बर्गरच्या दर शंभर मतदारांमागे जवळपास ५७ डेव्हिसकडे यायला हवेत, तेव्हा कुठे तो एका मताने निवडून येतो. वाचायला ५७ फार वाटत नाही. पण हे मतदार होते कोण ते कळलं की पन्नाससुद्धा जड वाटायला लागतात.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, बदकांच्या शिकारीपर्यंत. ही जागा रिकामी कशी झाली तर पॉल हस्टिंग नावाचा डेमोक्रॅट सिनेटर ऑक्टोबर १९१७ मध्ये रश लेक तळ्यावर बदकं मारायला गेला होता आणि सख्ख्या भावाच्या बंदुकीची गोळी चुकून त्यालाच लागली, गेला बिचारा. हा हस्टिंग १९१४ ला निवडून आलेला, तेही हजाराच्या आतल्या फरकाने. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीआधी अमेरिकेत सिनेटर लोक निवडत नव्हते, राज्याचे आमदार निवडायचे, आपल्याकडे राज्यसभेला होतं तसं. म्हणजे १९१८ ला विस्कॉन्सिनच्या माणसाला सिनेटसाठी थेट मत द्यायची ही जेमतेम तिसरी वेळ.

आणि वेळ कुठली तर ऐन पहिल्या महायुद्धाची. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध उतरली. विस्कॉन्सिन म्हणजे जर्मन लोकांचं राज्य, मिलवॉकीत बिअरच्या कारखान्यापासून चर्चपर्यंत सगळं जर्मनमध्ये, आतल्या खेड्यांत शेतकरी जर्मन. युद्धाच्या ठरावावर या राज्याच्या ११ पैकी ९ खासदारांनी विरोधात मत दिलं, आणि सिनेटमध्ये रॉबर्ट ला फॉलेटने, जो राज्याचा सगळ्यात मोठा नेता, रिपब्लिकन पण बंडखोर स्वभावाचा. मग काय, देशभर विस्कॉन्सिनला गद्दारांचं राज्य म्हणून शिव्या सुरू. सप्टेंबर १९१७ च्या ला फॉलेटच्या एका भाषणात त्याच्या तोंडी नेमका उलटा शब्द घालून बातमी छापली गेली, जर्मनीशी आपलं काही गाऱ्हाणं नाही असं तो म्हणाला म्हणे, म्हणाला होता ते आहे असं. वृत्तसंस्थेने माफी मागितली पण पुढच्या मे महिन्यात, तोपर्यंत त्याला सिनेटमधून हाकला ही मागणी पार वर गेलेली. त्याच्याच गावच्या युनिव्हर्सिटीतल्या चारशेहून जास्त प्राध्यापकांनी त्याच्या निषेधाच्या पत्रकावर सह्या केल्या. गावोगाव जो युद्धकर्जाचे बाँड घेणार नाही त्याच्या दाराला पिवळा रंग. ॲशलंडला तर त्याच साली कॉलेजातल्या एका जर्मन वंशाच्या प्राध्यापकाला अंगभर डांबर फासून पिसं चिकटवली.

आता या हवेत मतदान. प्रायमरी १९ मार्चला, मुख्य मतदान २ एप्रिलला, मध्ये फक्त दोन आठवडे.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे हायकमांडने न ठरवता मतदारांनी ठरवायचं, आणि विस्कॉन्सिनची प्रायमरी खुली, म्हणजे बूथच्या आडोशाला जाऊन कुठल्याही पक्षाची मतपत्रिका भरा, कुणी विचारत नाही तुम्ही कुणाचे. ही पद्धत ला फॉलेटनेच आणलेली. रिपब्लिकनांत समोरासमोर आले आयर्विन लेनरूट आणि जेम्स थॉम्पसन. लेनरूट सुपीरियर गावचा, स्वीडिश आईबापांचा पोरगा, एकेकाळी ला फॉलेटचा लाडका चेला, इतका की १९०६ ला गुरूने त्याला गव्हर्नर करायला जिवाचं रान केलेलं. पण युद्धाच्या ठरावावर चेल्याने बाजूने मत दिलं आणि तिथे वाटा फुटल्या. थॉम्पसन ला क्रॉसचा वकील, ला फॉलेटचा माणूस. निकाल काय, तर लेनरूट अडीच हजारांच्या आसपास मतांनी वाचला, दोघांनाही सत्तर हजारांच्या वर मतं. म्हणजे रिपब्लिकन मतपत्रिका उचललेला जवळपास निम्मा मतदार 'युद्ध नको' वाल्याकडे गेला. हे लक्षात ठेवा, पुढे हेच लोक आपल्याला शोधायचेत.

डेमोक्रॅटांत जोसेफ डेव्हिस, वॉटरटाऊनचा वकील, प्रेसिडेंट विल्सनचा खास, फेडरल ट्रेड कमिशनचा पहिला अध्यक्ष. त्याने चार्ल्स मॅकार्थीला सहज हरवलं. मॅकार्थी म्हणजे आमदारांना कायद्याचे मसुदे करून देणारी लायब्ररी उभी करणारा माणूस, कामाचा पण निवडणुकीचा नव्हे.

आणि तिसरा व्हिक्टर बर्गर. ऑस्ट्रियन साम्राज्यात जन्मलेला, आधी शाळामास्तर, मग संपादक, १९१० मध्ये अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आलेला पहिला समाजवादी. मिलवॉकीचे समाजवादी क्रांतीबिंतीच्या गप्पा फारशा मारायचे नाहीत, नळ, गटारं, बागा, शाळा, कामगारांचे पगार यावर जोर, म्हणून बाहेरचे कॉम्रेड त्यांना गटारवाले समाजवादी म्हणून चिडवायचे, आणि यांना त्यात अभिमानच वाटायचा. महापौर डॅनियल होन त्यांचाच, १९१६ ला बसला तो १९४० पर्यंत. पण पक्षाने एप्रिल १९१७ मध्ये सेंट लुईसला युद्धाविरुद्ध ठराव केला आणि बर्गरच्या 'मिलवॉकी लीडर' पेपरवर सरकारची नजर पडली. ऑक्टोबरमध्ये पोस्टाने त्याची स्वस्त टपालाची सवलत काढून घेतली. आता हे वाचताना किरकोळ वाटतं, पण शहराबाहेरच्या शेतकऱ्याकडे पेपर पोस्टानेच जायचा, सवलत गेली म्हणजे पेपरचा गळाच दाबला. मग रस्त्यावर मोठाले फलक, युद्ध म्हणजे नरक आणि तो भांडवलशाहीने आणलाय, समाजवाद्यांना शांतता हवी, खाली बर्गरचं नाव. आणि ऐन प्रचारात, ९ मार्चला, बाहेर आलं की हेरगिरीच्या कायद्याखाली त्याच्यावर आरोपपत्र ठेवलंय. हेरगिरी कसली, अग्रलेखांबद्दल! नेहमीच्या हिशोबाने उमेदवार तिथेच संपायला हवा. याचं उलट झालं. प्रायमरीत बर्गरला चाळीस हजारांच्या आतच मतं होती (लढतच नव्हती म्हणा तिथे), दोन आठवड्यांनी एक लाख दहा हजार.

ही सत्तर हजार माणसं एकदम समाजवादी झाली का? छे हो. मार्क्स वाचलेला नाही, कामगार संघटना पाहिलेली नाही, गाई सांभाळणारा, रविवारी चर्चला जाणारा लुथरन किंवा कॅथलिक जर्मन शेतकरी. मी पहिल्यांदा या निकालाचे काउंटीवार, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हावार, रकाने पाहिले तेव्हा मिलवॉकीच्या आकड्याचं काही वाटलं नाही, तिथे ते होणारच होतं. बोट थांबलं ते वर सरकल्यावर, शेबॉयगन, मॅनिटोवॉक, मॅरथॉन. ही चीज आणि लाकडाची मुलुखं, आणि बर्गरच्या रकान्यात मतांचा ढीग. ही मतं समाजवादाला नाहीतच, ही 'आमच्या दाराला पिवळा रंग कुणी लावला' त्याचं उत्तर आहेत.

मग बर्गर नसता तर हे लोक गेले कुठे असते? इथे विल्सनचं पत्र येतं. प्रेसिडेंटने प्रायमरीच्याच सुमारास डेव्हिसला एक पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. सोनार सोनं कसोटीवर घासून त्यावर तेजाबाचा थेंब टाकतो ना, तसं निष्ठेची परीक्षा बघणारे तीन प्रसंग त्यात मोजले होते, सशस्त्र जहाजांतून अमेरिकन लोकांनी प्रवास करू नये असं म्हणणारा १९१६ चा मॅक्लेमोर ठराव, शस्त्रनिर्यातीवरची बंदी आणि व्यापारी जहाजांवर तोफा बसवू देणारं सशस्त्र तटस्थतेचं विधेयक. नाव न घेता बाण लेनरूटवर, कारण मॅक्लेमोरच्या वेळी तो विल्सनच्या विरुद्ध बाजूला होता. वर उपाध्यक्ष टॉमस मार्शल मॅडिसनला येऊन भाषण ठोकून गेला की तुमचं राज्य संशयाखाली आहे, आणि रिपब्लिकन आता गद्दारांच्या, जर्मनधार्जिण्यांच्या मतांवर डोळा ठेवून आहेत. म्हणजे युद्धाच्या बाजूने मत दिलेल्या माणसालाच देशद्रोह्यांचा उमेदवार ठरवून टाकलं.

मला विचाराल तर डेव्हिस त्या दिवशी पडला. प्रचारात आजवर बघितलेल्या चुकांमध्ये ही वरच्या नंबरची. वीस वर्षं पक्षाचं काम केलेल्या गावच्या पुढाऱ्याला दिल्लीहून आलेल्या पाहुण्याने स्टेजवरून तुम्ही गद्दार म्हटलं तर काय होईल ते आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्यात विचारा. युद्धाच्या बाजूचा पण रिपब्लिकन असलेला मतदार, जो कदाचित देशासाठी म्हणून डेव्हिसला मत देऊन मोकळा झाला असता, तो चिडून आपल्याच पक्षाकडे परतला. आणि थॉम्पसनवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लेनरूटचं चिन्ह शोधलं, ला फॉलेटने त्याच्यासाठी शब्दही टाकला नव्हता तरी.

उरलेले बर्गरकडे. आता सांगा, यातले शंभरातले ५७ विल्सनच्या माणसाला मत देणार होते?

ताळा करायचा असेल तर १९१६ ची अध्यक्षीय निवडणूक शेजारी ठेवा. तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये रिपब्लिकन ह्यूजला २ लाख २० हजारांच्या वर, विल्सनला १ लाख ९१ हजार, समाजवादी बेन्सनला २८ हजारांच्या आत. दीड वर्षात रिपब्लिकन साधारण ५७ हजारांनी खाली आले, डेमोक्रॅट ४२ हजारांनी, समाजवादी ८३ हजारांनी वर, एकूण मतदानही थोडं घटलेलं. म्हणजे खाल्लीच म्हणायची तर दोघांच्याही ताटातली खाल्ली, आणि रिपब्लिकनांच्या ताटातली जास्त. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ओझॉकी, वॉशिंग्टन या कॅथलिक जर्मन काउंट्या जुन्या काळापासून डेमोक्रॅटांच्या, तिथला बर्गरचा मतदार मुळात डेमोक्रॅट घरातलाच होता. पण त्यातले बरेच विल्सनला १९१६ लाच सोडून गेलेले. घटस्फोट झालेल्या बायकोला दुसऱ्याने पळवली म्हणण्यासारखं झालं ते.

दुसरा ताळा १९२० चा, हा मला जास्त पटतो. त्या साली याच जागेची नियमित निवडणूक झाली आणि ती चौरंगी. लेनरूट रिपब्लिकन, जेम्स थॉम्पसन (हो, तोच) अपक्ष, डेमोक्रॅटांकडून पॉल रेन्श, चीनमधला माजी राजदूत, आणि समाजवादी फ्रँक वेबर. लेनरूट पावणेतीन लाखांच्या वर, थॉम्पसन सव्वादोन लाखांच्या वर, आणि डेमोक्रॅट रेन्श एक लाखाच्याही आत. युद्धविरोधी मताला आपला हक्काचा माणूस मिळाला की ते कुठे जातं ते दिसलं, ते थॉम्पसनकडे जातं, डेमोक्रॅटकडे नाही जात. देशभर विल्सनविरोधी लाट होती त्या साली हे खरं, त्यामुळे रेन्शची सगळी दुर्दशा युद्धाच्या खात्यावर टाकता येत नाही, पण दिशा तरी कळते.

कुणी विचारेल एका जागेचं एवढं काय कौतुक. नोव्हेंबर १९१८ नंतर सिनेटमध्ये रिपब्लिकन ४९, डेमोक्रॅट ४७. त्या ४९ मध्ये लेनरूट आहे. तिथे डेव्हिस असता तर ४८-४८, आणि बरोबरीत निर्णायक मत उपाध्यक्षाचं, म्हणजे त्याच मार्शलचं, जो मॅडिसनला येऊन घाण करून गेला. सिनेटच्या कमिट्या डेमोक्रॅटांच्या ताब्यात राहिल्या असत्या, परराष्ट्र कमिटीच्या अध्यक्षपदी विल्सनचा रिपब्लिकन विरोधक हेन्री कॅबट लॉज बसला नसता, आणि व्हर्सायचा तह आणि राष्ट्रसंघाचं गाडं ज्या कमिटीत महिनोन्महिने रुतलं तिथे विल्सनचा माणूस असता. तह मंजूर झालाच असता असं नाही, दोन तृतीयांश मतं लागतात त्याला, पण खेळ वेगळा झाला असता. हेच मिशिगनच्या जागेबद्दलही म्हणतात, तिथे त्याच साली हेन्री फोर्ड, मोटारवाला, थोडक्यात हरला. खुद्द लेनरूट गंमत म्हणजे तहाच्या बाबतीत मवाळ निघाला, थोड्या अटी घालून मंजूर करा म्हणणाऱ्यांतला.

त्याचं नशीबही बघा. जून १९२० मध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात अध्यक्षपदासाठी हार्डिंगचं नाव ठरल्यावर सिनेटमधल्या बड्या मंडळींनी उपाध्यक्षपदाला लेनरूट नक्की केला. नाव मांडलंही गेलं. तेवढ्यात ओरेगनचा एक प्रतिनिधी, वॉलेस मॅकॅमंट, उठला आणि त्याने कूलिजचं नाव घेतलं, बड्यांना कंटाळलेलं सभागृह उधळलं आणि कूलिज झाला. ऑगस्ट १९२३ मध्ये अध्यक्ष हार्डिंग वारला आणि कूलिज अध्यक्ष झाला. म्हणजे एक माणूस मध्येच उठला नसता तर लेनरूट अमेरिकेचा अध्यक्ष, ३९ टक्क्यांच्या जोरावर सिनेटमध्ये आलेला! त्याऐवजी १९२६ ला तो राज्याचा गव्हर्नर ब्लेन याच्याकडून प्रायमरीतच हरला. डेव्हिस पुढे रूझवेल्टच्या काळात मॉस्कोत राजदूत झाला.

बर्गरचं तर सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. पोटनिवडणूक हरल्यावर त्याच नोव्हेंबरमध्ये मिलवॉकीतून तो काँग्रेसमध्ये निवडून आला, जानेवारीत दोषी ठरला, फेब्रुवारी १९१९ ला न्यायाधीश लँडिसने वीस वर्षांची शिक्षा ठोठावली, काँग्रेसने जागा दिली नाही, मग त्याच जागेची पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी डिसेंबर १९१९ मध्ये परत त्यालाच पाठवला, काँग्रेसने परत दार लावलं. १९२१ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, कारण लँडिस जर्मन लोकांबद्दल जे बोलून बसला होता त्यावरून त्याने हा खटला चालवायलाच नको होता. मग १९२२ पासून सलग तीनदा निवडून आला आणि मुकाट्याने जागाही मिळाली. १९२९ ला मिलवॉकीत ट्रामची धडक बसून गेला.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर १९१६, १९१८ आणि १९२० चे काउंटीवार रकाने शेजारी शेजारी लावा, राज्याच्या जुन्या ब्लू बुकांत (सरकारी माहितीपुस्तकांत) मिळतात. दोन खड्डे आहेत त्यात. १९१८ ला बायकांना मत नव्हतं, १९२० ला होतं, त्यामुळे नुसती मतं लावलीत तर सगळेच वाढलेले दिसतील, टक्केवारी लावा. आणि काउंटीच्या आकड्यावरून एकेका माणसाने काय केलं ते सांगता येत नाही, मॅरथॉनमध्ये बर्गर चढला आणि रिपब्लिकन उतरला म्हणजे तेच लोक सरकले असं नाही, काही घरी बसले असतील, काही नवे आले असतील. त्यासाठी काउंटीच्या आत उतरून टाऊनशिपचे, म्हणजे तिच्यातल्या छोट्या भागांचे, आकडे बघा, जिथे अख्खं गाव एकाच चर्चचं असतं तिथे सरकासरक जरा स्पष्ट दिसते. सुरुवात मॅनिटोवॉकपासून करा.